बेळगावात सोलर लावायचं, पण बॅटरी घ्यायची का?

कंग्राळीच्या एका रिटायर्ड सरांचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाबी कळंल. घरात सर, मॅडम, सून आणि दोन नातवंडं, मुलगा पुण्यात, खाली भाडेकरू. गच्चीचा फोटोबी पाठवलाय. महिन्याला सरासरी ३१० युनिट जळतात, बिल २५०० च्या आसपास येतं. एका सोलरवाल्यानं ३ किलोवॅटचं हायब्रीड (बॅटरी जोडता येणारं सोलर) आणि सोबत ५ युनिटची लिथियम बॅटरी असं मिळून ३,४०,००० चं कोटेशन दिलंय, सबसिडी ७८,००० जाऊन २,६२,००० पडतील म्हणे. गडहिंग्लजचा मावसभाऊ म्हणतोय "लाव की, माझे साडेतीन वर्षात वसूल झाले", मुलगा म्हणतोय बॅटरीसकट घ्या, आणि मॅडम म्हणतात की गच्ची सगळी पॅनलनं भरली तर मी सांडगे-पापड वाळवायचे कुठं. तर सोलर परवडतं का, आणि बॅटरी घ्यावी का.

मी गेली बारा-तेरा वर्षं बेळगाव, खानापूर, हुक्केरी या भागात सोलरचं काम करतोय, त्याआधी मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. माझं उत्तर सरळ हाय. सोलर घ्या, ३ किलोवॅट, साधं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं. बॅटरी घेऊ नका. आणि मावसभावाचा हिशोब बेळगावला लावू नका, कारण त्याचा हिशोब खोटा न्हाई पण तो महाराष्ट्रातला हाय.

हे लोकांच्या लवकर ध्यानात येत न्हाई म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडं सगळी माहिती तिकडून येते, पाहुणे तिकडं, व्हिडीओ बघायचे ते मराठी म्हणजे पुण्या-कोल्हापूरचे, आणि बिल मात्र हेस्कॉमचं, म्हणजे कर्नाटकातल्या आपल्या वीज कंपनीचं, तेबी कन्नडमध्ये. महावितरणच्या घरगुती बिलात स्लॅब असतात, पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० ला वहन आकार धरून ११ रुपयांच्या आसपास, ३०० च्या वर अजून महाग, आणि त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. सोलर लावलं की वरचे महाग युनिट आधी उडतात, म्हणजे मावसभावाचा वरचा एक-एक युनिट साडेबारा-तेरा रुपये वाचवतो. आपल्याकडं कर्नाटकात घरगुतीला स्लॅबच राहिले न्हाईत. २०२५-२६ चा दर सरसकट ५ रुपये ८० पैसे, त्यावर पेन्शनचा ३६ पैसे सरचार्ज आणि ९ टक्के टॅक्स, म्हणजे धरा ६ रुपये ७० पैसे. तुमचा युनिट तेवढाच वाचवणार. तेच पॅनल, तेच ऊन, मधी फक्त सीमेवरचा कोगनोळीचा नाका, आणि पैसे वसूल व्हायला तुम्हाला त्याच्यापेक्षा दीड-दोन वर्षं जास्त लागणार.

आता अजून एक गोष्ट जी तिकडच्या कुठल्याच व्हिडीओत सापडणार न्हाई, ती म्हणजे गृहज्योती. २०२३ च्या जुलैपासून कर्नाटकात २०० युनिटपर्यंत घरगुती वीज फुकट हाय, पण सरसकट २०० न्हवं, तुमच्या २०२२-२३ च्या सरासरीवर १० टक्के धरून जेवढे होतील तेवढे. सरासरी १२० असंल तर १३२ पर्यंत शून्य बिल, १५० जाळले तर वरच्या १८ युनिटचे पैसे, आणि २०० च्या वर गेलात की त्या महिन्याचं सगळंच बिल भरायचं. म्हणून बेळगावात सोलरचा विषय निघाला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो की बिल शून्य येतंय का. येत असंल तर चहा पिऊन उठतो. शून्यातून काय वाचवणार तुम्ही?

हे चेष्टेत सांगत न्हाई. गेल्या वर्षी वडगावात एका घरी गेलो होतो, सोलरच्या इन्व्हर्टरवर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा डबा) लाल लाईट येते म्हणून बोलावलं होतं. मागच्या खोलीत दोन माग होते, ते बंद करून म्हातारा विणकर आता बसून हाय, मुलगा उद्यमबागला कामाला जातो. वर ३ किलोवॅट चकाचक बसवलेलं. मी म्हटलं जुनं बिल दाखवा, तर बाईनं देवाच्या फोटोमागं खोचलेली बिलं काढली. सोलरच्या आधीची सहा महिन्यांची बिलं, सहाच्या सहा शून्य. माग बंद झाल्यावर घराचे ९०-९५ युनिटसुद्धा होत नव्हते. कुणीतरी येऊन सांगितलं की केंद्राची स्कीम हाय, सबसिडी मिळते, बाकीचं बँक देते, आणि आता महिन्याला हप्ता चालू. लाल लाईटचं काम पाच मिनिटांचं होतं, डीसीचा एक कनेक्टर नीट लागला नव्हता. पण बाईनं विचारलं "आता बिल अजून कमी होईल न्हवं?" आणि मला काय उत्तर द्यावं कळंना. स्कीम खोटी न्हाई, सबसिडी आली, बँकेनंबी नियमानंच कर्ज दिलं, पण त्या घराला त्याची गरजच नव्हती आणि विकणाऱ्यानं ते एकदाबी विचारलं न्हाई.

तर सर, तुमच्या खालच्या भाडेकरूचा मीटर वेगळा असंल आणि त्याला शून्य बिल येत असंल तर त्या आरआर नंबरवर (बिलावरचा ग्राहक नंबर) सोलर घेऊ नका, तुमच्या स्वतःच्या आरआर नंबरवरच घ्या. आणि ज्यांचं २१०-२२० वर अडकतंय, म्हणजे थोडक्यात गृहज्योती हुकतीय, त्यांनी आधी घरातला जुना फ्रीज आणि गीझर बघावा. बेळगावात पंखा काय, मार्च ते मे सोडला तर रात्री बंदच असतो, आपलं बिल खातो तो गीझर. चार माणसं, सकाळी थंडी, प्रत्येकाला वीस मिनिटं, झाले रोजचे अडीच-तीन युनिट. आमच्या आईनं अजून बंब ठेवलाय, नारळाच्या करवंट्या आणि वाळलेल्या झावळ्या घालते, आणि आमच्या घरच्या मीटरचं बिल आजपर्यंत शून्यच हाय, मी सोलरवाला असून.

सरांचं तसं न्हाई. ३१० युनिट म्हणजे गृहज्योतीत बसतच न्हाईत, पूर्ण बिल भरतात, म्हणजे वाचवायला काहीतरी हाय. आता त्यांच्याच आकड्यांवर बघूया.

३१० गुणिले ६.१६ (५.८० अधिक सरचार्जचे ०.३६), त्यावर ९ टक्के, झाले २०८० च्या आसपास. बिल मात्र २५०० येतं, मग मधले सव्वाचारशे कुठले? ते फिक्स्ड चार्ज. मंजूर लोड ३ किलोवॅट, किलोवॅटला १४५ रुपये, झाले ४३५. हे सोलर लावलं तरी जाणार न्हाईत, दर महिन्याला येणारच, त्यामुळं "बिल झिरो करून देतो" म्हणणाऱ्याला हा एवढाच आकडा दाखवा, गप्प बसंल. २०२४-२५ ला हाच चार्ज १२० होता आणि युनिट ५.९० ला, म्हणजे युनिट स्वस्त होतोय आणि फिक्स्ड वाढतोय. सोलरवाल्याच्या दृष्टीनं ही दिशा काय चांगली न्हाई, पण हाय ते हाय.

३ किलोवॅट म्हणजे आजकाल ५४०-५५० वॅटचे सहा पॅनल. वर्षाचा हिशोब काढला तर एका किलोवॅटला दिवसाला सरासरी साडेतीन ते चार युनिट धरायचे, पण ही सरासरी फार फसवी हाय आपल्या भागात. जानेवारी-फेब्रुवारीत हवा थंड आणि ऊन स्वच्छ, तेव्हा पॅनल मस्त चालतं, कारण पॅनलला ऊन पाहिजे पण तापलेलं सहन होत न्हाई, पंचवीस डिग्रीच्या वर पॅनल जसं तापंल तसं दर डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. म्हणून अथणी-रायबागचं एप्रिलचं कडक ऊन बघून लोकांना वाटतं तिकडं लई तयार होत असंल, तर तसं न्हाई, बेळगावची फेब्रुवारीतली दुपार त्याला भारी पडते. पण जुलै आला की आपलं सगळं गणित बसकण मारतं. सलग आठ-आठ दिवस सूर्य दिसत न्हाई, किलोवॅटला दीड युनिट आलं तरी बास. आणि खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं तर त्याहून कमी. वर्षाचं मिळून तुमच्या गच्चीवर ४००० ते ४२०० युनिट धरा, ह्याच्या वर कुणी सांगितलं तर त्यानं पाऊस धरलेला न्हाई.

तुमचं वर्षाचं जळणं ३७२०. म्हणजे ३ किलोवॅट बरोबर बसतं. उन्हाळ्यात थोडं जास्त तयार होऊन हेस्कॉमला जाईल आणि त्या उरलेल्या युनिटला जो दर मिळतो तो आपण विकत घेतो त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमीच असतो, म्हणून "५ किलोवॅट लावा, वीज विकून कमवा" ह्या नादाला लागू नका. पीएम सूर्यघरची सबसिडी पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, बास, ७८,००० वर थांबली, चौथ्या-पाचव्या किलोवॅटला एक रुपयाबी न्हाई. वर्षाला तुमचे साधारण २४,००० वाचतील. ऑनग्रिड सिस्टीम चांगल्या मालाची १,९०,००० ते २,००,००० ला येते सध्या, सबसिडी जाऊन १,१२,००० ते १,२२,०००. मीटरचे आणि किरकोळ वर धरा. पाच वर्षं, फार तर साडेपाच. पॅनलची परफॉर्मन्स वॉरंटी २५ वर्षांची असते, मधी एकदा इन्व्हर्टर बदलावा लागंल, त्याचे तीसेक हजार बाजूला ठेवा, तरीबी फायद्यातच. बँकेत एफडी करून एवढं सुटत न्हाई. म्हणून मी घ्या म्हणतो.

मध्येच एक सांगतो कारण मॅडम विचारतीलच, सोलर वॉटर हीटर घ्यावा का. नसंल तर आता घेऊ नका. पूर्वी मीच सगळ्यांना आधी हीटर घ्या म्हणायचो, पण सबसिडीमुळं गणित उलटलंय. तिसरा किलोवॅट सबसिडी जाऊन तीस-पस्तीस हजाराला पडतो आणि वर्षाला १३०० युनिट देतो, तेवढ्याच पैशाचा हीटर ९०० युनिट वाचवंल आणि जुलैमध्ये पाणी गार देणार ते देणारच. असंल तर मात्र ठेवा, काढू नका.

आता बॅटरी. तुमच्या कोटेशनमध्ये हायब्रीड आणि बॅटरीमुळं दीड लाखाच्या आसपास वाढलेत. हे दीड लाख तुम्हाला काय वाचवून देतात? बिलात एक रुपया न्हाई. कारण दिवसा जास्त झालेली वीज तुम्ही हेस्कॉमला देता आणि रात्री त्यातूनच परत घेता, त्या बिलिंग महिन्यात युनिटला युनिट वजा होतो. हेस्कॉमची लाईन हीच तुमची बॅटरी हाय, आणि तिला डिस्टिल वॉटरबी घालावं लागत न्हाई. घरगुतीला दिवसाचा दर वेगळा रात्रीचा वेगळा असंबी न्हाई, की स्वस्तात साठवून महागात वापरली. गणित घालून बघा, ५ युनिटच्या लिथियममधून रोज साडेचार युनिट काढले, दहा वर्षं एक दिवस न चुकता, तर १६,००० च्या वर थोडे युनिट होतात. त्या दीड लाखातले नुसत्या बॅटरीचे सव्वा लाख धरले तर सव्वा लाख भागिले सोळा हजार, एक युनिट नुसता साठवायला साडेसात-आठ रुपये. हेस्कॉमकडून विकत घेतला तर ६ रुपये ७०. आणि प्रत्यक्षात तुम्ही रोज कुठं वापरणार, लाईट गेली तरच वापरणार, म्हणजे तो युनिट पन्नास रुपयांचाबी पडंल. पाच वर्षांत वसूल होणारी सिस्टीम बॅटरी घातली की अकरा वर्षांवर जाते, आणि तोवर बॅटरीची वॉरंटी संपलेली असते.

पण हां, इथं एक गोम हाय आणि ती विकणारे सांगत न्हाईत. साधं ऑनग्रिड सोलर लाईट गेली की बंद पडतं. वर कितीबी ऊन असू दे. लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या गच्चीवरनं शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच सुटतो, हे मुद्दाम केलेलं असतं. मला दर उन्हाळ्यात किमान चार फोन येतात, "एवढं लाख रुपये घालून करंट गेल्यावर आमच्यातबी अंधार आणि शेजाऱ्यातबी अंधार." त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

तर लाईट गेल्यावर काय, हा प्रश्न खरा हाय, पण त्याचं उत्तर दीड लाखाचं न्हाई. कंग्राळीत लाईट जाते ती अर्धा तास, तास, वळवाच्या पावसात फांदी पडली तर तीन-चार तास. त्याला साधा होम इन्व्हर्टर आणि एक १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, २५-२८ हजारात होतं. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर कागदावर, त्यातलं अर्ध्याच्या आसपास कामाचं धरा. तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे प्रत्येकी ३० वॅट, पाच एलईडी, वायफाय आणि टीव्ही मिळून २०० वॅट, साडेचार तास आरामात निघतात. फ्रीजला तीन-चार तासात काय होत न्हाई, उघडू नका फक्त. ही बॅटरी लाईनवरनं चार्ज होते, सोलरशी तिचा संबंध ठेवायचाच न्हाई, दोन वेगळी खाती. चार-पाच वर्षांनी बदलायची, जुनी भंगारात देऊन पैसे कमी होतात. एवढंच.

मग बॅटरी कुणी घ्यावी? मी स्वतः घालून दिलेल्या आहेत, न्हाई असं न्हाई. नंदगडच्या पुढं जंगलाच्या कडेला एक घर हाय, तिथं लाईन झाडीतनं येते, जून लागला की दोन-दोन दिवस लाईट न्हाई हे नेहमीचंच. त्या घरात आजोबांना ऑक्सिजनचं मशीन लागायचं, ५ लिटरचं, ३५० वॅटचं, म्हणजे रात्रीच्या दहा तासांत साडेतीन युनिट. मुलगा आधी डिझेल जनरेटर चालवायचा, रात्री दोनला उठून पावसात डिझेल ओतायला जायचा. त्यांना मी हायब्रीड आणि ५ युनिटची लिथियम घालून दिली आणि पैसे वसूल कधी होणार हे त्यांनी विचारलं न्हाई आणि मीबी काढून दाखवलं न्हाई. पाऊस धो धो असला तरी ३ किलोवॅटवर चार-साडेचार युनिट दिवसाला येतात, तेवढ्यात मशीनची रात्र निघते. २०१९ च्या ऑगस्टला महापूर आला तेव्हा जिल्ह्यात कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती, तेव्हापासून नदीकाठची लोकं बॅटरीचं विचारतात, तेबी मी समजू शकतो. किंवा कुणाचं घरातून कॉम्प्युटरवरचं काम, क्लिनिक, लसीचा फ्रीज. असं काही तुमच्याकडं असंल तर सांगा, मग माझं उत्तर बदलंल. मुलगा पुण्यातून बॅटरी घ्या म्हणतोय एवढं कारण पुरत न्हाई. आणि पुढं कधी घ्यावीशी वाटली तर बॅटरी नंतरबी जोडता येते, तेव्हा इन्व्हर्टर बदलावा लागंल, पण लिथियमचे भाव गेल्या काही वर्षांत खालीच आलेत, थांबल्यानं नुकसान न्हाई.

घेणाऱ्यांना एक सांगतो, लिथियम बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आणि जिन्याखाली सिलेंडरशेजारी तर अजिबात नको. उष्णतेनं तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. हवेशीर भिंत, उन्हापासून लांब.

आता सावलीचं, कारण ह्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. अनगोळात एका घराचा सर्व्हे मी एप्रिलच्या शेवटी केला. दुपारी बारा वाजता गच्चीवर उभा राहिलो तर माझीच सावली पायाखाली, पाण्याच्या टाकीची सावली टाकीखाली. म्हटलं काय प्रश्नच न्हाई, आणि टाकीच्या उत्तरेला ओळीनं पॅनल घातले. डिसेंबरला फोन, "उत्पादन एकदम पडलंय." जाऊन बघतो तर टाकीची सावली दोन पॅनलवर आडवी पसरलेली. बेळगाव जवळजवळ १६ अक्षांशावर हाय, मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी तो चक्क उत्तरेला असतो, आणि डिसेंबरात दक्षिणेला इतका खाली उतरतो की पॅनलच्या वर दोन मीटर उंच असलेल्या टाकीची सावली भर दुपारीच दीड मीटरच्या पुढं पडते, सकाळी-संध्याकाळी तर विचारूच नका. आणि पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली आली की माळेतल्या बाकीच्यांनाबी ते मागं ओढतं. ती टाकी मी माझ्या पैशानं हलवून दिली, प्लंबरचे साडेचार हजार गेले. तेव्हापासून सर्व्हेला गेलो की टाकी, शेजाऱ्याचा नारळ, जिन्याची खोली हे दक्षिणेला काय काय हाय ते आधी बघतो, आणि शेजाऱ्याची रिकामी जागा असंल तर तिथं मजला चढणार हाय का हेबी विचारतो, वाईट दिसलं तरी. तुमच्या फोटोत टाकी दक्षिण-पूर्व कोपऱ्यात दिसतीय, ती पॅनल यायच्या आधी उत्तरेला न्या.

धुळीबद्दल लोकं विचारतात तेवढं अवघड न्हाई, पंधरा दिवसांतून एकदा सकाळी गार असताना पाणी मारायचं. पण बोअरचं जड पाणी असंल तर मारून तसंच सोडू नका, पांढरे डाग बसतात ते निघता निघत न्हाईत, वायपरनं ओढून घ्या. संकेश्वर, चिकोडी, निपाणीकडं साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांनी सीझनमध्ये जरा जास्त लक्ष द्यावं, बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काळी राख आणि उसाचा पाला पेटवलेली राख पॅनलवर चिकटते आणि वरनं दव पडलं की लेपच बसतो. खानापूरकडं वानरं. त्याला माझ्याकडंबी उपाय न्हाई.

अर्थिंगवर मात्र पैसे वाचवू देऊ नका. तीन खड्डे पाहिजेत, एसीचा, डीसीचा आणि वीज पडण्यापासूनच्या अरेस्टरचा, तिन्ही वेगवेगळे. आपल्याकडं जांभ्या दगडाची जमीन, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, अर्थिंग धरत न्हाई, आणि नेमका त्याच वेळी वळीव कडाडत येतो. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यांत घाला. इन्व्हर्टरचं कार्ड उडालं तर वीज पडल्याचं कारण सांगून वॉरंटीत बसत न्हाई म्हणतात, मग भांडत बसा.

कोटेशनमध्ये पॅनल डीसीआर हायत का बघा, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेले. सबसिडी त्यालाच मिळते. काही जण दुसरे स्वस्त पॅनल दाखवून भाव कमी सांगतात आणि नंतर सबसिडी आली न्हाई की हात वर करतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या मालावरचा जीएसटी १२ वरनं ५ टक्क्यांवर आलाय, तुमच्या कोटेशनमध्ये अजून जुनाच धरलेला दिसतोय, तेवढं विचारा. आणि सगळ्यात आधी बिलावरचं नाव बघा. आपल्याकडं निम्म्या घरांचा आरआर नंबर अजून आजोबांच्या नावावर असतो, आणि ज्यांचा स्वतःच्या नावावर असतो त्यांचं नाव कन्नडातून इंग्रजीत जाताना असं काही बदललेलं असतं की आधारशी आणि पासबुकाशी जुळत न्हाई. सबसिडी तिथंच अडकते. नाव दुरुस्त करायला सेक्शन ऑफिसला चार हेलपाटे पडतील, ते आधीच मारा, पॅनल वर चढवून मग न्हवं. १० किलोवॅटपर्यंत आता फीजिबिलिटीसाठी (लाईनला एवढं सोलर झेपतं का त्या तपासणीसाठी) वेगळं थांबावं लागत न्हाई, त्यामुळं कागद बरोबर असले की काम लवकर होतं. कर्ज लागत असंल तर ह्या स्कीमखाली सरकारी बँका सहा-सात टक्क्यांच्या आसपास देतात, तारण न घेता, सोलरवाल्याच्या ओळखीच्या फायनान्सकडं जाऊ नका.

राहिला मॅडमचा प्रश्न. सहा पॅनलला ३०० स्क्वेअर फूट जागा लागते, तुमची गच्ची फोटोवरनं ८०० च्या आसपास वाटते, त्यात टाकी आणि जिना. जमिनीलगत स्ट्रक्चर घातलं तर तेवढी जागा गेलीच. त्यापेक्षा स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच घ्या, पंधरा-वीस हजार जास्त जातील, पण हॉट डिप गॅल्वनाइज्डच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलंच घ्या, रंग मारलेला अँगल दोन पावसाळ्यात गंजतो, आणि खालचे बेस कॉलमवर येतील असं बघा कारण जूनचा वारा खालनं उचलतो. मग खाली चालायला जागा राहते. पॅनलच्या खाली मात्र सावली, सांडगे तिथं वाळणार न्हाईत, ते दक्षिणेच्या कठड्याजवळ, टाकी हलवल्यावर जी जागा मोकळी होईल तिथं. तिथं दिवसभर ऊन असतं.